हृदयाचं अंगभूत संरक्षण आणि ते वाढवू पाहणारी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयाला स्वतःचं संरक्षण असतं, म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बंद झाली की त्या भागातल्या पेशी मरायला लागतात. पण धमनी कायमची बंद होण्याआधी तिचा प्रवाह काही वेळा थोडाथोडा वेळ थांबून परत सुरू झाला असेल, तर त्याच पेशी पुढचा मोठा आघात जास्त वेळ सोसतात. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात.

हे पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवलं ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात, 1986 मध्ये. चार्ल्स मरी, रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी 5 मिनिटं चिमट्यानं बंद केली आणि 5 मिनिटं सोडली. असं चार वेळा केल्यावर तीच धमनी सलग 40 मिनिटं बंद ठेवली. अपेक्षा अशी होती की आधीच्या चार फटक्यांनी दमलेला स्नायू जास्त मरेल. प्रत्यक्षात मेलेला भाग, थेट 40 मिनिटं धमनी बंद ठेवलेल्या कुत्र्यांच्या तुलनेत, जेमतेम एक चतुर्थांश निघाला.

याच प्रयोगाचा दुसरा भाग लोक सहसा सांगत नाहीत, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. धमनी 40 मिनिटांऐवजी 3 तास बंद ठेवली तेव्हा सगळा फायदा नाहीसा झाला. हे संरक्षण पेशीचं मरण लांबवतं, टाळत नाही. मधल्या वेळात धमनी उघडली तरच त्याचा उपयोग. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीशी येऊन ठेपतात.

हे कुत्र्यांचं झालं. माणसात असं काही घडतं का?

घडतं, असं मानायला बरेच पुरावे आहेत. विल्यम हेबर्डन या इंग्लिश डॉक्टरांनी अठराव्या शतकात अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणाऱ्या दुखण्याचं, वर्णन केलं, त्यात रोज अर्धा तास लाकडं कापायचं काम लावून घेतलेल्या आणि त्यानंतर जवळपास बऱ्या झालेल्या एका रुग्णाची नोंद आहे. आजही काही रुग्ण सांगतात, ‘सकाळी पहिल्या चढाला छाती भरून येते, जरा थांबलो की तोच चढ दुसऱ्यांदा सहज जातो.’ डॉक्टर याला वॉर्म-अप अंजायना म्हणतात. त्यामागे प्रीकंडिशनिंग असावं, असा अंदाज आहे. बाजूच्या बारीक वाहिन्या उघडत असतील, हीही शक्यता आहे.

अँजिओप्लास्टीत तर हे डोळ्यांसमोर मोजता येतं. धमनीत फुगा फुगवला की तेवढा वेळ रक्त थांबतं, छातीत दुखतं आणि ईसीजी बदलतो. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्याच जागी फुगा दुसऱ्यांदा फुगवला तर दुखणंही कमी आणि ईसीजीतला बदलही कमी. पुढे 1995 मध्ये अटॅकच्या रुग्णांवरच्या टिमी-4 या चाचणीच्या नोंदी तपासल्या तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. अटॅकच्या आधी ज्यांना अंजायनाचा त्रास होऊन गेला होता, त्यांच्यात मेलेल्या स्नायूचा भाग तुलनेनं लहान होता.

मग अटॅकच्या आधी छातीत दुखलेलं बरंच की?

अजिबात नाही. नव्यानं सुरू झालेलं, वाढत चाललेलं किंवा बसल्या जागी होणारं छातीतलं दुखणं म्हणजे धमनीत गुठळी बनत असण्याची शक्यता. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. टिमी-4 मधल्या ज्या लोकांबद्दल आपण बोलतोय, त्यांना अटॅक आलाच होता, हे विसरू नका.

हे संरक्षण किती वेळ टिकतं?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा लगेच सुरू होतो आणि साधारण एकदोन तासांत ओसरतो. मग मधे काही काळ काहीच नसतं. सुमारे 24 तासांनी दुसरा टप्पा येतो. तो पहिल्यापेक्षा जरा सौम्य असतो, पण 72 तासांपर्यंत टिकतो. पहिल्या टप्प्यात पेशीत आधीपासून असलेली प्रथिनं कामाला लागतात, दुसऱ्यासाठी नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात. म्हणून तो उशिरा येतो. दुसरा टप्पा 1993 मध्ये जपान आणि ब्रिटनमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला.

पेशीच्या आत काय होतं?

हा प्रश्न थोडा लांबवावा लागेल, कारण औषधांची सगळी कल्पना इथूनच निघाली.

रक्त थांबलं की पेशीतला एटीपी, म्हणजे ऊर्जेचा साठा, तुटायला लागतो आणि त्यातून ॲडेनोसिन तयार होतं. ते पेशीबाहेर येऊन पेशीच्याच पृष्ठभागावरच्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं आणि आत धोक्याचा संदेश जातो. ब्रॅडिकायनिन आणि शरीरातली अफूसारखी रसायनंही हेच काम करतात. ॲडेनोसिनचा हा सहभाग 1991 मध्ये अलाबामातल्या जेम्स डाउनी यांच्या गटानं सशांमध्ये दाखवला. ॲडेनोसिनचा ग्राही अडवला की प्रीकंडिशनिंग होतच नव्हतं.

संदेश आत गेल्यावर काही एन्झाइम जागी होतात आणि पोटॅशियमच्या विशिष्ट वाहिन्या (पेशीच्या आवरणातली बारीक दारं) उघडतात. पेशीत एटीपी भरपूर असताना या वाहिन्या बंद असतात, एटीपी घटला की उघडतात. त्या उघडल्या की पोटॅशियम बाहेर जातं, आत शिरणारं कॅल्शियम कमी होतं, पेशी कमी जोरानं आकुंचन पावते आणि ऊर्जा वाचते. अशाच वाहिन्या मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या केंद्रांच्या, आवरणातही असाव्यात आणि खरं काम त्यांचंच असावं, असं अनेक संशोधक मानतात. त्यावर वाद अजून आहे.

शेवटचा मुक्काम मायटोकॉन्ड्रियातच. धमनी उघडून रक्त परत येतं त्या पहिल्या काही मिनिटांत मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात एक मोठं छिद्र उघडतं, ऊर्जा बनवण्याचं काम कोलमडतं आणि पेशी मरते. प्रीकंडिशनिंग हे छिद्र उघडू देत नाही.

रक्त परत आलं तर पेशी जगायला हवी. ती मरते कशी?

दीर्घ उपाशी माणसाला एकदम भरपेट जेवू घातलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं, तसं काहीसं. रक्त नसताना पेशीत आम्ल साठलेलं असतं. ते आम्लच त्या छिद्राला बंद ठेवत असतं. रक्त आलं की आम्ल झटकन धुतलं जातं, ऑक्सिजनमुळे दाहक रेणूंचा भडका उडतो, कॅल्शियमचा लोंढा आत येतो आणि छिद्र उघडतं. याला रिपरफ्यूजन इंज्युरी म्हणतात. पण यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की धमनी उघडणंच धोक्याचं. धमनी बंद राहिली तर तो सगळा भाग मरणारच. उघडल्यावर होणारं नुकसान त्यापुढे लहान आहे. ते आणखी लहान करता येईल का, एवढाच शोध आहे.

हे सगळं गोळीनं किंवा इंजेक्शननं साधता येतं का?

प्रयोगशाळेत येतं, आणि बऱ्याच मार्गांनी. साखळीतली कुठलीही कडी औषधानं हलवली की धमनी न दाबताही पेशी सावध होते. ॲडेनोसिन देता येतं. पोटॅशियमच्या वाहिन्या उघडणारं निकोरँडिल आहे. मॉर्फिन अफूच्या ग्राहींवर काम करतं. भुलीसाठी हुंगवतात ते आयसोफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेनही हेच करतात, आणि अंजायनावर जवळपास दीडशे वर्षांपासून वापरात असलेलं नायट्रोग्लिसरीनसुद्धा. प्राण्यांत या सगळ्यांनी स्नायू वाचवला आहे.

माणसात काय झालं, ते पुढे एकेक पाहू. आधीच सांगतो, बहुतेक गोष्टींचा शेवट निराशेचा आहे.

निकोरँडिल माझ्या अंजायनासाठी सुरू आहे. म्हणजे मला हे संरक्षण मिळतंय?

या यादीत माणसांमध्ये सर्वात बरं उभं राहिलेलं औषध हेच आहे, म्हणून प्रश्न रास्त आहे. निकोरँडिल जपानमध्ये विकसित झालं. ते नायट्रेटसारखं (नायट्रोग्लिसरीन, सॉर्बिट्रेट ही त्याच वर्गातली) रक्तवाहिन्या सैल करतं आणि पोटॅशियमच्या वाहिन्याही उघडतं. ब्रिटनमधल्या आयोना या चाचणीत स्थिर अंजायनाच्या 5,126 रुग्णांपैकी निम्म्यांना निकोरँडिल आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी दिली. 2002 मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकारानं मृत्यू, अटॅक किंवा छातीतल्या दुखण्यासाठी अचानक भरती व्हावं लागणं, यांपैकी काहीतरी झालेल्यांचं प्रमाण निकोरँडिल गटात 13.1 टक्के होतं, दुसऱ्या गटात 15.5 टक्के.

फायदा खरा आहे, पण त्यातला मोठा वाटा भरती टळण्याचा होता. आणि तो संरक्षण वाढल्यामुळे झाला की रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे, हे या चाचणीवरून वेगळं करता येत नाही. अटॅक सुरू असताना हेच औषध शिरेतून देऊन पाहिलं ते जपानमधल्या जे-विंड चाचणीत, 2007 मध्ये. तिथे मेलेल्या स्नायूचा आकार कमी झाला नाही.

गोळी सुरू असेल तर स्वतःहून बंद करू नका. सुरुवातीला डोकं दुखतं, ते बहुधा कमी होतं. पण तोंडात, जिभेवर किंवा गुदद्वाराजवळ न भरणारे व्रण झाले तर डॉक्टरांना लगेच सांगा. निकोरँडिलमुळे असे व्रण होतात आणि औषध बंद केल्याशिवाय भरत नाहीत. लोक महिनोन्‌महिने बी-कॉम्प्लेक्स खात राहतात.

अटॅक आल्यावर, अँजिओप्लास्टी करताना औषध देऊन रिपरफ्यूजन इंज्युरी टाळता येते का?

आशा सर्वात जास्त इथेच होती. अटॅक कधी येणार हे कुणाला माहीत नसतं, पण धमनी कधी उघडणार ते डॉक्टरांना माहीत असतं. छिद्र बंद ठेवणारं औषध त्या क्षणी शिरेतून दिलं की काम व्हायला हवं. असं एक औषध आधीपासून बाजारात होतं, सायक्लोस्पोरिन. किडनी बदललेल्या रुग्णांना ते वर्षानुवर्षं देतात. फ्रान्समध्ये 58 रुग्णांवर ते वापरून पाहिलं आणि 2008 मध्ये बातमी आली की स्नायूचं नुकसान लक्षणीय कमी झालं. जगभर उत्साह पसरला.

मग मोठी चाचणी झाली, सर्कस नावाची, 970 रुग्णांची. 2015 मध्ये निकाल लागला. वर्षभरात मृत्यू, हृदय निकामी होणं, त्यासाठी भरती किंवा हृदयाचा डावा कप्पा फुगणं, यांतलं काही ना काही सायक्लोस्पोरिन घेतलेल्या 59 टक्के लोकांना झालं आणि न घेतलेल्या 58 टक्के लोकांना. फरक शून्य.

ॲडेनोसिनची गोष्टही अशीच. अमिस्टॅड-2 मध्ये 2,118 रुग्ण होते. जास्त मात्रा दिलेल्यांमध्ये मेलेला भाग लहान दिसला, पण मृत्यू आणि हृदय निकामी होण्याच्या एकत्रित मोजणीत ठोस फरक पडला नाही. लहान चाचणीतली चमक मोठ्या चाचणीत विझते, हे या क्षेत्रात इतक्या वेळा झालंय की आता पन्नास-साठ रुग्णांची बातमी वाचली की मी पुढच्या बातमीकडे वळतो.

प्राण्यांत चालतं आणि माणसांत नाही, असं का?

कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकाला थोडा वाटा द्यावा लागतो.

प्रयोगशाळेतला उंदीर किंवा ससा तरुण असतो, निरोगी असतो आणि कुठलंही औषध घेत नसतो. अटॅक येणारा माणूस साधारण पन्नाशी-साठीचा, मधुमेह आणि रक्तदाब असलेला, कोलेस्टेरॉल वाढलेला. वय आणि मधुमेह या दोन्हींमुळे पेशींची सावध होण्याची क्षमता बोथट होते. प्राण्यांमध्येसुद्धा म्हातारे किंवा मधुमेही प्राणी घेतले की परिणाम घटतो.

दुसरं, प्रयोगात धमनी चिमट्यानं बंद होते आणि ठरल्या मिनिटाला उघडते. माणसात गुठळी बनते, थोडी विरघळते, परत बनते. म्हणजे प्रीकंडिशनिंग काहींमध्ये आपोआप झालेलंच असतं. काहींच्या बाजूच्या वाहिन्या आधीच उघडलेल्या असतात. अशांना औषधानं आणखी काय मिळणार?

तिसरं, रुग्णाला आज जी औषधं नेहमीच मिळतात, त्यांतली काही स्वतःच थोडं संरक्षण देतात. अँजिओप्लास्टीच्या वेळी गुठळी रोखण्यासाठी दिली जाणारी टिकॅग्रेलोरसारखी औषधं प्राण्यांमध्ये प्रीकंडिशनिंगसारखाच परिणाम करतात. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिनही काही प्रमाणात करतं. आधीच अर्धं भरलेल्या भांड्यात किती ओतणार, हा हिशेब संशोधकांनी उशिरा मांडला.

आणि चौथं कारण चांगलं आहे. अँजिओप्लास्टी लवकर झाली की आता इतके लोक वाचतात की आणखी सुधारणा दाखवायला हजारो रुग्ण लागतात. जे उशिरा येतात त्यांच्यात वाचवायला स्नायूच उरलेला नसतो, 1986 च्या त्या 3 तासांच्या कुत्र्यांसारखा. औषधाचा खरा उपयोग होईल असे रुग्ण मधल्या पट्टीत असतात, पण चाचण्यांमध्ये सगळ्यांना एकत्र मोजलं गेलं.

दंडाला ब्लड प्रेशरचा पट्टा आवळून हृदय वाचतं, असं वाचलं. खरं का?

कल्पना पक्की आहे. 1993 मध्ये दिसलं की हृदयाच्या एका भागाची धमनी थोडाथोडा वेळ बंद केली तर दुसऱ्याच भागाचं संरक्षण होतं. पुढे हातापायाचं रक्त थांबवूनही तेच झालं. मग दंडाला पट्टा बांधून 5 मिनिटं आवळायचा, 5 मिनिटं सोडायचा, असं चार वेळा. औषध नको, खर्च नाही.

बायपासच्या रुग्णांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, ब्रिटनमध्ये एरिका आणि जर्मनीत रिपहार्ट. 2015 मध्ये दोन्हींचे निष्कर्ष आले आणि दोन्हींत फायदा नव्हता. भुलीसाठी वापरलेल्या प्रोपोफॉलनं संदेश अडवला असावा, असं काहींनी म्हटलं. म्हणून अटॅकच्या, भूल न दिलेल्या रुग्णांवर चार देशांत 5,401 लोकांची चाचणी झाली. 2019 चा निकाल: वर्षभरात हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन भरती, पट्टा आवळलेल्यांत 9.4 टक्के आणि न आवळलेल्यांत 8.6 टक्के.

घरी पट्टा आवळून बसू नका. अटॅकमध्ये तेवढा वेळ ॲम्ब्युलन्समध्ये असलेला बरा.

बायपासच्या ऑपरेशनमध्ये तरी काही औषध उपयोगी पडतं का?

ऑपरेशनची वेळ ठरलेली असते, म्हणून तिथे तरी आधीपासून औषध देणं सोपं. पण कॅरिपोराइड या औषधाची कहाणी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हे पेशीत सोडियम, आणि त्याच्यामागून कॅल्शियम, साठू देत नाही. एक्स्पिडिशन या चाचणीत बायपासच्या 5,700 हून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. ऑपरेशनच्या वेळचे अटॅक 18.9 टक्क्यांवरून 14.4 टक्क्यांवर आले. स्नायू वाचला! पण मृत्यू 1.5 वरून 2.2 टक्क्यांवर गेले, कारण मेंदूचे झटके वाढले. औषध तिथेच संपलं. हृदयाचा स्नायू वाचला म्हणजे माणूस वाचला असं नसतं, याचं इतकं सरळ उदाहरण दुसरं मला आठवत नाही.

हुंगवायच्या भुलीचं काय? मिरियड या 5,400 रुग्णांच्या चाचणीत अशी भूल आणि शिरेतून दिलेली भूल यांची तुलना झाली. वर्षभरानंतरच्या मृत्यूंत फरक नव्हता. भूल कोणती द्यायची ते भूलतज्ज्ञांवर सोडा.

मधुमेहाच्या काही गोळ्या हे संरक्षण बंद करतात म्हणे?

या पानावर रुग्णाच्या रोजच्या औषधांशी सर्वात जवळचा प्रश्न हाच. ग्लिबेनक्लामाइड (आपल्याकडे डायोनिल म्हणून अनेकांना ओळखीची) ही गोळी स्वादुपिंडातल्या पोटॅशियम वाहिन्या बंद करून इन्सुलिन बाहेर काढते. हृदयात संरक्षण देणाऱ्या वाहिन्या त्याच कुटुंबातल्या. 1992 मध्ये कुत्र्यांत दिसलं की ग्लिबेनक्लामाइड दिलं तर प्रीकंडिशनिंग होतच नाही. 1994 मध्ये अँजिओप्लास्टीच्या रुग्णांतही तसंच दिसलं. फुगा दुसऱ्यांदा फुगवल्यावर जो दिलासा मिळायला हवा तो मिळाला नाही. त्याआधी 1970 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात याच वर्गातल्या टॉल्ब्युटामाइडनं हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले होते, आणि त्यावर तेव्हा खूप वाद झाला होता.

याच वर्गातली सगळी औषधं सारखी नाहीत. ग्लिमेपिराइड हृदयातल्या वाहिन्यांना फारसं धरत नाही. कॅरोलिना या सुमारे 6,000 रुग्णांच्या चाचणीत, 2019 मध्ये, ते हृदयासाठी लिनाग्लिप्टिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीइतकंच सुरक्षित निघालं. तुम्हाला हृदयविकार आहे आणि अजून ग्लिबेनक्लामाइड सुरू आहे, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘ही बदलायची का?’ पण आज रात्रीची गोळी स्वतःहून बंद करू नका. साखर चढलेली हृदयाला परवडत नाही.

सॉर्बिट्रेट रोज जिभेखाली ठेवलं तर हृदय तयार राहील का?

नाही. नायट्रेटचा एक गमतीशीर अभ्यास आहे खरा. 2001 मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल इथे अँजिओप्लास्टीच्या आदल्या दिवशी 4 तास शिरेतून नायट्रोग्लिसरीन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी फुगा फुगवल्यावर हृदयानं तो ताण चांगला सोसला. दुसऱ्या टप्प्याचं संरक्षण औषधानं माणसात आणता येतं, याचा हा चांगला पुरावा. पण ते 66 रुग्ण होते आणि वेळ ठरलेली होती. नायट्रेट सतत घेतलं तर शरीराला त्याची सवय होते आणि परिणाम उतरतो.

सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हाच, बसून घ्यायचं. रक्तदाब कमी असेल तर नाही. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक दुर्बलतेची गोळी घेतली असेल तर मुळीच नाही. निकोरँडिललाही हाच नियम. ही गोष्ट घरात लाजेनं लपवली जाते आणि मग अटॅकच्या रात्री डॉक्टरांना कळत नाही.

ट्रायमेटाझिडीन, अर्जुनारिष्ट, कोएन्झाइम क्यू-टेन?

ट्रायमेटाझिडीन पेशीला चरबीऐवजी साखरेतून ऊर्जा घ्यायला लावतं. एटीपीसीआय चाचणीत अँजिओप्लास्टी यशस्वी झालेल्या 6,007 रुग्णांपैकी निम्म्यांना ते दिलं गेलं. 2020 च्या निष्कर्षांत फायदा दिसला नाही. शिवाय हातपाय थरथरणं, चाल अडखळणं असे पार्किन्सनसारखे त्रास होऊ शकतात, म्हणून युरोपात 2012 पासून वापरावर बंधनं आहेत. अंजायना इतर औषधांनी आटोक्यात येत नसेल तर जोडीला ते देतात, ते ठीक. पण प्रिस्क्रिप्शनमध्ये ‘हार्टचं टॉनिक’ म्हणून ते वर्षानुवर्षं चालू राहतं, ते मला पटत नाही.

अर्जुनाच्या सालीवर प्राण्यांत भरपूर काम झालंय. अटॅकमध्ये ती स्नायू वाचवते, असं मोठ्या चाचणीनं दाखवलेलं नाही. कोएन्झाइम क्यू-टेनलाही तेच लागू.

रोज एक पेग?

प्राण्यांमध्ये अल्कोहोलनंही प्रीकंडिशनिंग होतं. माणसानं त्यासाठी पिऊ नये.

बीटा ब्लॉकरबद्दल काय?

हे औषध वेगळ्या वाटेनं येतं, हृदयाची गती आणि ऊर्जेची गरज कमी करून. स्पेनमधल्या मेटोकार्ड चाचणीत 270 रुग्णांपैकी निम्म्यांना अँजिओप्लास्टीच्या आधी, ॲम्ब्युलन्समध्येही, शिरेतून मेटोप्रोलोल हे बीटा ब्लॉकर दिलं. मेलेल्या स्नायूचं सरासरी वजन 32 ग्रॅमवरून 25.6 ग्रॅमवर आलं. पुढच्या एका युरोपियन चाचणीत असा फायदा दिसला नाही. आणि चीनमध्ये सुमारे 46,000 रुग्णांच्या चाचणीत, 2005 मध्ये, ते सरसकट आणि लवकर शिरेतून दिल्यावर पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण घटलं, पण रक्तदाब कोसळून शॉकमध्ये जाणारे वाढले. म्हणून कुणाला द्यायचं ते त्या वेळी डॉक्टरच ठरवतात.

हल्ली एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिनचं नाव फार येतं.

मुळात मधुमेहासाठी निघालेली ही औषधं हृदय निकामी होण्याच्या आजारात खरोखर चांगली आहेत. अटॅकनंतर लगेच सुरू केली तर? एम्पॅक्ट-एमआय या 6,522 रुग्णांच्या चाचणीत (2024) मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन पहिली भरती मिळून एम्पाग्लिफ्लोझिन घेतलेल्यांत 8.2 टक्के, न घेतलेल्यांत 9.1 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो इतका लहान. नुसत्या भरती मात्र कमी झाल्या.

मग अटॅक आला तर माझ्या हातात काय आहे?

वेळ. क्रिएट या भारतीय नोंदवहीत 20,468 रुग्ण होते आणि 2008 मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटलपर्यंत पोचायला निम्म्या रुग्णांना 360 मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागला होता. 6 तास! इतक्या उशिरानंतर कुठलंही संरक्षण वाढवणारं औषध काय करणार?

छातीच्या मध्यभागी दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं होऊन ते काही मिनिटांत थांबलं नाही, घाम आला, दुखणं जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत गेलं, तर ‘ॲसिडिटी असेल, सोडा घेऊन बघू’ करत बसू नका. मधुमेहींना आणि बायकांना नुसती धाप किंवा मळमळही होते. महाराष्ट्रात 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा आजार नसेल तर साधी 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खा. हे जुनं, स्वस्त औषध हृदयाच्या पेशींना कुठलंही प्रीकंडिशनिंग शिकवत नाही. तरीही 1988 च्या इसिस-2 या 17,187 रुग्णांच्या चाचणीत त्यानं पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू 23 टक्क्यांनी घटवले. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजसोबत दिलं तेव्हा 42 टक्क्यांनी.

तालुक्याच्या गावात अँजिओप्लास्टीची सोय नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळू शकतं. ‘पुण्याला नेऊ, मुंबईला नेऊ’ म्हणून ते नाकारू नका. इंजेक्शन घेऊन मग हलवता येतं.

हॉस्पिटलमध्ये अशा औषधाच्या चाचणीत भाग घ्यायला विचारलं तर?

घ्यायला हरकत नाही, पण विचारून घ्या. भारतात अशी चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदणीत आधी नोंदवलेली असावी लागते. 2009 पासून ते बंधनकारक आहे. हॉस्पिटलच्या नैतिकता समितीची मंजुरी असावी लागते. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत मागता येतं, आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहते. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे.

एक गोष्ट मुद्दाम विचारा: ‘यासाठी अँजिओप्लास्टी एक मिनिट तरी थांबणार आहे का?’ उत्तर ‘नाही’ असंच यायला हवं. मधेच कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत.